कौलवाल्याच्या नावावर

१६ मार्च १९७०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास विलेम सौचेकने प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या रोखपालाच्या खिडकीतून तीन हजार चारशे सतरा कोरुना आणि साठ हालेर घेतले, दोनदा मोजले आणि बाईंनी बोट ठेवले तिथे सही केली. नोटिशीच्या मुदतीचा पगार, त्यातून कॅन्टीनची उधारी आणि एका छत्रीची किंमत वजा. ही छत्री दीड वर्षापूर्वी चित्रीकरण चालू असताना वाऱ्याने उडून नदीत गेली होती.

"छत्री बरी लक्षात राहिली तुमच्या," विलेम म्हणाला.

"विसरले असते तर माझ्या पगारातून गेली असती, दिग्दर्शकसाहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीची फळी खाली ओढली.

त्या इमारतीत 'दिग्दर्शकसाहेब' ही हाक त्याने ऐकली ती शेवटची.

विलेमचे वय तेव्हा चाळीस होते. त्याचा बाप गावोगाव घरांवर कौले चढवत फिरायचा आणि शाळेला सुट्टी असली की विलेम शिडीवर उभा राहून त्याला कौले वर द्यायचा. पुढे तो प्रागला येऊन चित्रपट काढायला शिकला, बारा वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली सहायक म्हणून राबला आणि शेवटी एकदाचा त्याला स्वतःचा चित्रपट मिळाला. नाव 'वाट चुकलेले वाजंत्री'. मोराव्हियातल्या एका खेड्यातला बँड लग्नात वाजवायला निघतो, वाट चुकतो, भलत्याच गावात पोहोचतो आणि तिथल्या मयताला लग्नाची गाणी वाजवून परत येतो, एवढीच त्याची गोष्ट. ती खरी घडलेली होती. विलेमचे सासरे मातौश यांच्या बँडच्या बाबतीत ती घडली होती आणि प्रत्येक नाताळात जेवण झाल्यावर ते ती नव्याने सांगायचे. वाटेत कोणी शंका काढली की बँडमास्तर काय म्हणायचा, हे सांगताना ते छाती पुढे काढत आणि म्हणत, "आपण बरोबरच चाललोय!"

विलेमने सासऱ्यांनाही चित्रपटात घेतले होते. मागच्या रांगेत, गळ्यात भलामोठा पितळी भोंगा अडकवून ते अकरा सेकंद दिसतात. त्या अकरा सेकंदांत ते वाजवायचे थांबतात, मिशी पुसतात आणि सरळ कॅमेऱ्यात बघतात. कॅमेऱ्यात बघणे ही चूक. विलेमने ती तशीच राहू दिली होती.

नोव्हेंबर १९६९ मध्ये स्टुडिओच्या माणसांसाठी चित्रपट लावला, तेव्हा विलेमची बायको ब्लाझेना प्रागमध्ये नव्हती. मातौश आजारी होते आणि ती माहेरी त्यांच्या उशाशी बसून होती. "तू तिथेच राहा," विलेम तिला फोनवर म्हणाला होता. "तीन आठवड्यांनी पहिला खेळ आहेच. बाबांनाही घेऊन ये." बाबा त्याच आठवड्यात गेले. आणि तीन आठवडे पुरे व्हायच्या आत चित्रपटही तिजोरीत गेला. बंदी आलेल्या चित्रपटांचे डबे ज्या तळघरात कुलूपबंद होत, त्याला सगळे तिजोरीच म्हणत.

जानेवारीत विलेमला उपसंचालक ह्लावाच यांनी बोलावून घेतले होते. टेबलावर संवादांचा कागद होता आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा.

"कॉम्रेड सौचेक, तुमचा बँडमास्तर 'आपण बरोबरच चाललोय' असं किती वेळा म्हणतो?"

"तीनदा."

"चारदा. मी मोजलंय. आणि तो म्हणतो तसतसा बँड आणखीच वाट चुकत जातो. लोक तिथे हसणार. कोणाला हसणार?"

"माझ्या सासऱ्यांना."

"तुमच्या सासऱ्यांना सगळा देश ओळखत नाही," ह्लावाच म्हणाले. मग त्यांनी कागद मिटला. "हे बघा, फिल्म तिजोरीत पडून राहील. पडून राहायला पैसे पडत नाहीत. पण उद्या तुम्ही कुठे कॅमेऱ्याच्या मागे दिसलात, कुठे लपूनछपून काम करताना सापडलात, तर ती धुऊन तिच्यातली चांदी काढून घेता येते. जुन्या फिल्मा तशाही जातातच."

हे सगळे विलेमने बायकोला लगेच सांगितले नव्हते. नोकरी गेली त्या सोमवारी सांगितले. ब्लाझेना संगीतशाळेत मुलांना बासरी शिकवायची. तिची दुपारची शिकवणी नुकतीच संपली होती. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "एका चित्रपटातून चांदी निघते तरी किती रे?"

"दोन चमचे निघत असेल."

"दोन चमच्यांसाठी माझे बाबा धुवायचे?"

मातौश यांचे तिच्याकडे दोनच फोटो होते. एक लग्नातला, एक ओळखपत्रावरचा. दोन्हींत दात उपटायला बसल्यासारखा चेहरा. हलणारे, मिशी पुसणारे मातौश जगात एकाच ठिकाणी उरले होते आणि तिथे कुलूप होते.

विलेमने सहा महिने बिअरच्या कारखान्याच्या आवारात बाटल्यांचे क्रेट उचलले. मग शिक्षणाच्या छोट्या फिल्मा काढणाऱ्या एका लहानशा संस्थेत त्याला सामान सांभाळायचे काम मिळाले. बादल्या, खुर्च्या, टेबलक्लॉथ मांडायचे, उचलायचे, यादीवर खूण करायची. ही जागा कामिल वोंद्राने सुचवली होती. 'वाजंत्री'च्या वेळी कामिल विलेमचा सहायक होता. अकरा वर्षांनी लहान, उंच, सडपातळ, आणि उंचीला इतका भिणारा की खुर्चीवर चढून दिवा बदलायचा झाला तरी त्याला बायको लागे. आता तो त्या संस्थेत दिग्दर्शक झाला होता.

एका रविवारी कामिल विलेमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. ब्लाझेना उकळत्या पाण्यात कणकेचे उंडे सोडत होती.

"अडुसष्ट साली रशियाचे टँक आले ते मदतीलाच आले, असं मी लिहून दिलं," कामिल टेबलाकडे बघत म्हणाला. "सही केली."

"पुष्कळांनी केली."

"तुम्ही नाही केलीत." कामिलने खिशातला रुमाल काढला, परत ठेवला. "त्या सहीमुळे माझं नाव अजून चालतं, साहेब. चालतंय तर ते तुम्हीच वापरा. कागदोपत्री दिग्दर्शक मी. तुम्ही सामान घेऊन तिथे असणारच. मला नुसतं 'चालू' म्हणून ओरडता येतं. कॅमेरा कुठे ठेवायचा ते तुम्हाला कळतं. मानधन माझ्या नावावर येईल, ते मी तुम्हाला आणून देईन."

"आणि कळलं कोणाला तर?" विलेम म्हणाला. तो कामिलकडे बघत नव्हता. तो बायकोच्या पाठीकडे बघत होता. "ह्लावाचला बहाणाच हवाय. नको. तिजोरीत आहे ते सुरक्षित आहे."

ब्लाझेनाने झारा ठेवला आणि ती वळली. "विलेम, गेलं वर्षभर तू जेवताना मीठदाणी इकडे आणि पेला तिकडे सरकवून कोण कुठे उभं राहील ते बघत असतोस. परवा शेजारची बाई सूप पिताना बोलत होती, तर तू मध्येच म्हणालास, 'थांबा, इथेच तोडू.' ती बिचारी अजून बोलत नाही माझ्याशी."

"तो विषय वेगळा."

"तोच विषय आहे. घे त्याचं नाव. भीती मी बाळगते, तू काम कर. दोघांनी दोन्ही करायला कुठे वेळ आहे?"

दुसऱ्याच्या बंदी आलेल्या कामाला आपले नाव देणाऱ्या माणसाला त्या वर्षांत सगळे 'कौलवाला' म्हणत. वरून छप्पर घालतो तो. भाषांतरकारांचे कौलवाले होते, गाणी लिहिणाऱ्यांचे होते. विलेमला हा शब्द ऐकून दर वेळी बाप आठवायचा आणि हसू यायचे.

कामाची पद्धत त्यांनी अशी ठरवली. विलेम बादलीशेजारी उभा राहणार, डोक्यावर चौकटीची चपटी टोपी. टोपी डोक्यावर आहे तोवर सगळे ठीक. टोपी काढली की पुन्हा एकदा. टोपी डावीकडे कलली की कॅमेरा डावीकडे. कामिल तिकडे ओझरते बघायचा आणि ओरडायचा. संशय नको म्हणून विलेमवरही ओरडायचा.

"सौचेक! ही बादली इथे कोणी ठेवली? डोकं आहे का खोकं?"

संध्याकाळी ट्राममध्ये तो कानाशी लागून म्हणायचा, "साहेब, माफ करा. खोकं जरा जास्तच झालं."

"ओरडणं बरोबर होतं. अर्धा क्षण उशिरा ओरडलास."

पहिली फिल्म बटाट्यांच्या साठवणीवर. तळघरात एक शेतकरी पोते रिकामे करतो, असे दृश्य होते. दिव्यांनी तळघर तापले होते. विलेमने घाम पुसायला टोपी काढली आणि कामिल ओरडला, "पुन्हा एकदा!" शेतकऱ्याने बटाटे भरले, ओतले. विलेमला पुन्हा घाम आला. नऊ वेळा बटाटे ओतल्यावर शेतकऱ्याने विचारले, "कॉम्रेड, मी ओततोय ते चुकतंय का बटाटेच चुकतायत?" तेव्हापासून विलेम रुमाल बाळगू लागला आणि टोपीला विनाकारण हात लावीनासा झाला. ब्लाझेनाने ही गोष्ट ऐकली आणि तिला ती खूण फार आवडली. एखादे सूप चांगले झाले की ती जेवताना त्याच्या डोक्यावरची नसलेली टोपी काढायची आणि वाटी पुढे करायची.

बटाट्यांच्या फिल्मला डिप्लोमा मिळाला. बटाटे अंधारात कसे एकमेकांना टेकून बसलेत, हे दाखवताना विलेमने कॅमेरा इतका हळू फिरवला होता की परीक्षकांपैकी एका बाईंना घरची आठवण आली. डिप्लोमावर नाव कामिल वोंद्रा. त्याने तो गुंडाळून विलेमकडे आणला, विलेमने तो परत पाठवला, आणि शेवटी तो कामिलच्या सासूच्या कपाटात राहिला. मग करवतीपासून हात कसे वाचवावेत, शाळेच्या स्वयंपाकघरात नखे का कापावीत, गाईचे आचळ कसे पुसावे. वर्षाला दोन, कधी एकच.

लिपोव्का गावात विलेमचे एक जुने घर होते. शनिवार आला की ती दोघे तिथे जायची. मे १९७६ मध्ये ब्लाझेनाने गावच्या दुकानातल्या फोनवरून कामिलच्या बायकोला फोन लावला. दुकानवाल्या पेश्कोवाबाई पाव मोजत होत्या.

"आमचा कौलवाला शनिवारी येतोय ना?" ब्लाझेना म्हणाली. फोनवर नाव घ्यायचे नाही, हा तिचाच नियम. "बरं. आणि मागच्या कामाचे पैसे घेऊन ये म्हणावं."

पेश्कोवाबाईंचे पाव मोजायचे राहिले. सबंध जिल्ह्यात कौलवाला मिळत नव्हता. नाव नोंदवून लोक तीन-तीन वर्षे थांबत. आणि इथे सौचेकांचा स्वतःचा कौलवाला होता!

शनिवारी कामिल बसमधून उतरला तेव्हा गावसमितीचे अध्यक्ष रेझेक थांब्यावर उभे होते. मागे पेश्कोवाबाई आणि आणखी चौघे.

"आलात! देवासारखे आलात!" रेझेक म्हणाले. ते पक्षाचे सभासद होते, पण बोलताना देव यायचाच. "अग्निशमन घराचं छप्पर बघा. दोन उन्हाळे कौलं नुसती रचून ठेवलीत. पंप भिजतो. आग लागली तर आधी पंप वाळवायचा का?"

कामिलने विलेमकडे पाहिले. विलेमने टोपीला हात लावला नाही. नाही म्हणावे तर हा माणूस कोण, अधूनमधून पैशांचे पाकीट घेऊन का येतो, हे सांगावे लागणार. ते जिल्ह्यात गेले की तिथून प्रागला जायला किती दिवस?

"करतो की," कामिल म्हणाला. त्याचा आवाज बसच्या धुरात गेला.

घरी आल्यावर ब्लाझेना डोके धरून बसली. "माझं तोंड शिवून टाका. माझ्याच तोंडाने बाबांना घालवलं मी."

"घालवलं नाहीस अजून," विलेम म्हणाला. त्याने बाहीचे बटण काढले. "कामिल, तू खाली उभा राहायचंस आणि ओरडायचंस. ते तुला येतं. वर मी जातो."

"तुम्हाला येतं?"

"मला जे दोनच धंदे येतात, त्यातला हा पहिला."

दोन शनिवार लागले. विलेम छपरावर पालथा पडून पट्ट्यांवर कौले बसवत गेला. हात सगळेच विसरले नव्हते. तिसऱ्या ओळीपासून तो शीळ घालू लागला. बापाची एक सवय त्याला वरच आठवली: कौल बसवायच्या आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचे, आवाज फुटका आला तर बाजूला. खाली कामिल शिडी धरून उभा होता, शिडीच्या पायाशीसुद्धा जरा फिकट. विलेमची टोपी डोक्यावर असली की तो ओरडे, "हां, पुढची ओळ!" टोपी निघाली की "पुन्हा बसव रे ते!" गावकरी कौतुकाने बघत होते. केवढा कडक कौलवाला! हाताखालच्या माणसाला दम खाऊ देत नाही. रेझेक बाकावर बसून पाइप ओढत एकदा वर, एकदा खाली बघत होते.

शेवटच्या ओळीला अडतीस कौले कमी पडली. विलेमने ती आपल्या शेडमधून आणून दिली. रेझेक म्हणाले, बाजारभावाने समिती देईल, आणि वहीत लिहून घेतले: अडतीस कौले, दोन कोरुना चाळीस हालेर दराने.

ऑगस्टमध्ये अग्निशामक दलाचा समारंभ झाला. छपराचे उद्घाटन करायला जिल्ह्यातून एक कॉम्रेड आले. ते नेमके सांस्कृतिक खात्याचे निघाले. कामिलने न येण्याचा प्रयत्न केला होता, पण कौलवाल्याला सन्मानपत्र द्यायचे ठरले होते. कॉम्रेडांनी नाव वाचले आणि चष्मा वर केला.

"वोंद्रा? कामिल वोंद्रा? बटाट्यांच्या फिल्मचे दिग्दर्शक वोंद्रा, ते आपणच का?"

ब्लाझेना सॉसेजच्या टेबलाशी होती. तिच्या हातातला चिमटा तसाच हवेत राहिला. कामिलचे डोळे टोपी शोधू लागले, पण ती समोर नव्हती. कारण या वेळी टोपीवाला माणूस त्याच्या मागे होता आणि मान वळवायची सोय नव्हती.

"अहो कॉम्रेड," रेझेक मध्येच मोठ्याने म्हणाले, "आमच्याकडे दगड मारला तर वोंद्राला लागतो. खाटीक वोंद्रा, माझा मेव्हणा वोंद्रा, शाळेची घंटा चोरली तोही वोंद्रा. हा कौलवाला वोंद्रा. तुमचा बटाटेवाला आणखी एक असेल. घ्या, बिअर कोमट होतेय."

लोक हसले. कॉम्रेडही हसले आणि त्यांनी बिअर घेतली. ब्लाझेनाने सॉसेज उचलले, पाव विसरून तसेच समोरच्या माणसाच्या हातात ठेवले.

तरी तो हिवाळा ती दोघे टपाल येण्याची वेळ झाली की बोलायची थांबत. फेब्रुवारीत एक सरकारी लिफाफा आलाच. विलेमने तो उभ्यानेच फोडला. लिपोव्का समितीचे पत्र होते: अडतीस कौलांची रक्कम चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात बसत नाही, पुढील वर्षी विचार केला जाईल. ब्लाझेना इतकी हसली की तिला खाली बसावे लागले.

पुढची तेरा वर्षे तशीच गेली. कामिलच्या नावावर पहिल्यापासून एकूण चौतीस फिल्मा झाल्या. विलेमचे केस गेले, टोपी दोनदा बदलली. ब्लाझेना शाळेतून निवृत्त झाली. बाबांचे नाव ती घरात फारसे घेत नसे. फक्त नाताळात जेवण झाले की विलेम ती बँडची गोष्ट सांगायचा आणि शेवटचे वाक्य ती म्हणायची.

मग १९८९ चा नोव्हेंबर आला, चौकाचौकांत लोकांनी राजवटीला निरोप म्हणून किल्ल्यांचे जुडगे वाजवले आणि ह्लावाच यांच्या खोलीबाहेरची पाटी एका दुपारी निघाली. फेब्रुवारीत कामिल तिजोरीत जाऊन आला. 'वाट चुकलेले वाजंत्री', सहा डबे, सगळे जागेवर. त्याने तळघराच्या म्हाताऱ्या रखवालदाराला विचारले, फिल्म धुवायचा हुकूम कधी आला होता का.

"कसला हुकूम?" रखवालदार म्हणाला. "सत्तर सालानंतर या डब्यांची कोणी चौकशीच केली नाही. तुम्हीच पहिले."

हे कामिलने विलेमला सांगितले. विलेमने उठून स्वयंपाकघराचे दार लावले. "ब्लाझेनाला हे नको सांगू," तो म्हणाला. "वीस वर्षं भीती तिने बाळगलीय. फुकट गेली असं वाटायला नको."

एप्रिलच्या आठ तारखेला, रविवारी, कामिल बातमी घेऊन आला. प्रागमधल्या मोठ्या चित्रपटगृहात खेळ ठरला होता. "एकोणतीसला आहे. पुरते तीन आठवडे. नवीन कपडे शिवून होतील तोवर."

ब्लाझेनाने कॉफीचा पेला खाली ठेवला. "तीन आठवडे? नको रे बाबा. तीन आठवडे मी एकदा थांबलेय."

कामिल उठला, कोट घातला आणि गेला. पुढच्या शनिवारी तो सहा डबे गाडीत घालून लिपोव्काला हजर झाला. एका दिवसासाठी मागून आणले होते. कोणाकडून, ते त्याने सांगितले नाही. शेजारच्या गावच्या थिएटरने फिरता प्रोजेक्टर दिला. गावात मोठी जागा एकच, अग्निशमन घर. पंप बाहेर काढला, बाके मांडली, समोरच्या लाकडी भिंतीवर पेश्कोवाबाईंच्या दोन चादरी जोडून ताणल्या. ईस्टरचा आदला दिवस होता. अंडी रंगवून उठलेली माणसे लाल-निळी बोटे घेऊन आली.

खेळ सुरू व्हायच्या आधी कामिलने विलेमला बाजूला घेतले. "एक सांगायचं राहिलंय. सुरुवातीची नावं नाहीत. कोणीतरी कापून टाकलीयत. नावांचा तुकडाच नाही. एकदम बँड सुरू होतो."

"बँड आहे ना? मग झालं तर," विलेम म्हणाला.

पण कामिल गेला आणि भिंतीला टेकलेली शिडी घेऊन आला. तीच शिडी. त्याने ती चादरींच्या शेजारी लावली, खडूचा तुकडा दातांत धरला आणि चढायला लागला. तिसऱ्या पायरीवर त्याने डोळे मिटले, पाचवीवर उघडले. त्याने भिंतीच्या फळीवर, चादरींच्या वर लिहिले: दिग्दर्शक विलेम सौचेक. 'सौचेक' खाली घसरत गेले.

शिडी रेझेकनी धरली होती. ते आता अध्यक्ष नव्हते, गुडघे दुखत होते. "उतर रे बाबा वोंद्रा, उतर हळू," ते म्हणाले. "तू शिडीवर चढणारा माणूस नाहीस हे मला शहात्तर सालापासून ठाऊक आहे."

कामिल अर्ध्यात थांबला. "ठाऊक होतं?"

"कौलवाला खाली शिडीला मिठी मारून उभा आणि हाताखालचा माणूस वर शीळ घालतोय! आंधळ्यालाही कळलं असतं."

"मग बोलला नाहीत कधी?" विलेमने विचारले.

"बोलून काय करू? छप्पर हवं होतं आम्हाला."

दारे लावली. बाकावर विलेम आणि ब्लाझेना शेजारी बसले. एप्रिल असला तरी आत गारवा होता आणि विलेमने टोपी काढली नव्हती. कामिल प्रोजेक्टरपाशी होता. बँड सुरू झाला, गावकरी पहिल्याच 'आपण बरोबरच चाललोय'ला हसले आणि दुसऱ्याला त्याहून जास्त. ब्लाझेना हसत नव्हती. ती मांडीवर हात ठेवून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी समोर बघत होती.

मग मयताचे अंगण आले. मागच्या रांगेत मातौश वाजवायचे थांबले, त्यांनी मिशी पुसली आणि सरळ बघितले. अकरा सेकंद.

"डावीकडून पुसतात," ती हळूच म्हणाली. "मी विसरले होते. आधी डावीकडून."

आणि पडद्यावरून नजर न काढता तिने हात वर केला आणि विलेमच्या डोक्यावरची टोपी काढली.

मागे कामिलने ते पाहिले. अठरा-एकोणीस वर्षांची सवय. "पुन्हा एकदा!" तो ओरडला आणि ओरडल्यावर त्याला कळले की आपण काय ओरडलो. प्रोजेक्टर थांबला. अंधारात कोणी कुरकुरले नाही. कामिलने रीळ हाताने मागे फिरवले, पुन्हा चालू केले, आणि मातौशनी पुन्हा मिशी पुसली, आधी डावीकडून. टोपी ब्लाझेनाच्या मांडीवर होती. तिने ती परत दिली नाही. चारदा ते दृश्य झाले. चौथ्या वेळी रेझेक मागून म्हणाले, "बरोबरच चाललोय," आणि तेव्हा ब्लाझेना हसली, तिचे गाल ओले होते, आणि तिने टोपी विलेमच्या डोक्यावर ठेवली. चित्रपट पुढे सुरू झाला.

अग्निशमन घराच्या अडतीस कौलांचे एक्क्याण्णव कोरुना वीस हालेर लिपोव्का समितीकडून अजून यायचे आहेत.